अंदाज बांधताना उमेदवारही पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांविषयी मराठी वृत्तपत्रांत येणाऱ्या विश्लेषणाचा सारा भर राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता आणि महागाई यांवर असतो. मिडवेस्टमधील, म्हणजे ओहायो, मिसुरी, मिशिगन अशा मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील, चुरशीच्या जागांचा अंदाज बांधताना उमेदवार कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही उणीव मला गंभीर वाटते.

ओहायोतील टोलेडो परिसराचा नववा मतदारसंघ पाहावा. मतदारसंघांच्या सीमांच्या २०२२ च्या फेररचनेत तो रिपब्लिकनांकडे झुकला आणि १९८३ पासून प्रतिनिधीगृहात (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) असलेल्या डेमोक्रॅट मार्सी कॅप्टर यांची जागा धोक्यात आली. मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी जे. आर. मजेव्स्की आपण अफगाणिस्तानात सेवा बजावल्याचे सांगत असताना, ते प्रत्यक्षात कतारमधील हवाई तळावर विमानांत माल चढवण्याच्या कामावर होते, असे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सप्टेंबरमध्ये लष्करी नोंदींच्या आधारे उघड केले. त्यांच्या पक्षाच्या समितीने जवळपास १० लाख डॉलरच्या जाहिराती तडकाफडकी रद्द केल्या आणि कॅप्टर सुमारे १३ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. २०२४ मध्ये सीमा त्याच होत्या, पण समोर राज्य विधिमंडळाचे सदस्य डेरेक मेरिन आले आणि हा फरक एका टक्क्याच्याही आत आला. ते अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते हे खरे, तरी एवढी सगळी तफावत त्याच्या माथी मारता येणार नाही.

२०१२ मध्ये मिसुरीत सिनेटचे (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे) रिपब्लिकन उमेदवार टॉड एकिन यांनी बलात्काराविषयी संतापजनक विधान केले आणि पक्षनेत्यांनी सांगूनही माघार घेतली नाही. त्या राज्यात त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी ९ टक्क्यांनी पुढे असताना सिनेटची जागा डेमोक्रॅट क्लेअर मॅकॅस्किल यांनी १५ टक्क्यांहून अधिक फरकाने राखली. अध्यक्षपदासाठी एका पक्षाला व सिनेटसाठी दुसऱ्याला मत देणारे आता बरेच कमी झाले आहेत, त्यामुळे उमेदवाराच्या अडचणीचा फटका पूर्वीइतका मोठा धरता येत नाही. तथापि आयोवात २०२० मध्ये रिपब्लिकन मॅरिएनेट मिलर-मीक्स प्रतिनिधीगृहावर अवघ्या ६ मतांनी निवडून आल्या. अशा ठिकाणी अर्धा टक्काही निकाल फिरवतो.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉईट परिसरातून निवडून आले, याचे आपल्याला कौतुक आहे. ती जागा डेमोक्रॅट पक्षासाठी सुरक्षित असल्याने खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होते, आणि २०२४ मध्ये त्यांचे एक प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर उमेदवारीसाठी लागणाऱ्या मतदारांच्या पुरेशा वैध सह्यांअभावी त्या फेरीतूनच बाद ठरले होते. ठाणेदारांच्या विजयाच्या बातमीत वाचकांना हा तपशीलही मिळायला हवा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे