निकालासाठी ठेवलेला खटला पुन्हा उघडताना

महोदय,

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपला, फाइल निकालासाठी ठेवली गेली, आणि सरकार पक्षाचा अर्ज आला : आणखी एक साक्षीदार तपासायचा आहे. अशा बातमीवर ‘सत्य बाहेर येत असेल तर बिघडले कुठे?’ असे हमखास म्हटले जाते. कुठे बिघडते, ते ज्युरी (कौल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) असलेल्या देशांत जास्त स्पष्ट दिसते.

इंग्लंडमध्ये १९५२ च्या ओवेन खटल्यात विचारविनिमयासाठी आत गेलेली ज्युरी एक प्रश्न घेऊन परत आली. साक्ष देऊन झालेल्या डॉक्टरांना पुन्हा बोलावून उत्तर मिळवले गेले. अपिलात शिक्षा रद्द झाली. न्यायाधीशांनी ज्युरीला शेवटचे मार्गदर्शन केले की पुरावा बंद, हा नियम पुढे थोडा सैल झाला. पण त्यामागचे कारण पक्के आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात ज्युरीने आत वजनकाटा मागवला. मुद्देमाल आधीच पुराव्यात होता, तरी शिक्षा टिकली नाही. भिंग किंवा मोजपट्टी चालते. तिने समोरची वस्तूच नीट पाहता येते. काट्यावर मात्र नवा आकडा तयार होतो आणि त्या आकड्याची उलटतपासणी कोणीच घेतलेली नसते. आधीची चित्रित साक्ष पुन्हा पाहायची असेल तर ती भर न्यायालयात, आरोपी व वकिलांसमोर दाखवतात आणि उलटतपासात काय निघाले याचीही न्यायाधीश आठवण देतात.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सरकार पक्षासाठी नव्या पुराव्याचे दार टप्प्याटप्प्याने अरुंद होते असे सांगितले. सरकार पक्षाचा पुरावा संपण्यापूर्वी मोकळीक बरीच, संपल्यावर कमी, आणि बचाव सुरू झाला की जवळजवळ नाहीच. गप्प राहायचे की पिंजऱ्यात उभे राहायचे, हे आरोपी समोर आलेला पुरावा पाहून ठरवतो. नंतर तो पुरावाच बदलला तर तो निर्णय मागे घेता येत नाही.

आपल्याकडे १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा कौल दिला होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. पण निकाल राखून ठेवल्यापासून तो वाचेपर्यंतचा काळ ही आपली ज्युरीची खोलीच आहे, आणि इथले दार उघडे असते. त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ नुसार (जुने ३११) न्यायालय कोणत्याही टप्प्यावर साक्षीदार बोलावू शकते. न्याय्य निकालासाठी तो आवश्यक वाटला तर बोलावलेच पाहिजे.

राजेंद्र प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नजरचुकीने राहिलेली गोष्ट आणि खटल्यातला मुळातला कच्चेपणा यांत फरक केला. तो योग्यच आहे. केमिकल अ‍ॅनालायझरच्या अहवालाला निशाणी (पुराव्यातला क्रमांक) द्यायची राहिली, तर ती द्यावी. पण जप्तीच्या पंचनाम्यात लाखेच्या मोहोरेचा उल्लेखच नाही, हे बचाव पक्षाने युक्तिवादात दाखवायचे आणि पंधरा दिवसांनी तपासी अंमलदाराने येऊन ‘मोहोर लावली होती’ म्हणायचे, ही चूक दुरुस्त करणे नव्हे. विरुद्ध बाजूचा युक्तिवाद ऐकून बेतलेली ती साक्ष आहे.

म्हणून अर्जात तीन गोष्टी हव्यात : नेमका कोणता मुद्दा, ‘आमचा पुरावा संपला’ अशी लेखी पुरसिस देण्याआधी तो का आला नाही, आणि तो सरकार पक्षाला कधी कळला. ‘न्यायाच्या दृष्टीने आवश्यक’ एवढ्या एका ओळीवर अर्ज मंजूर होता कामा नये. आदेशात कारणे हवीत. कागदपत्रांच्या प्रती सरतपासाआधी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांआधी) मिळाव्यात, उलटतपासाला पुरेसा वेळ मिळावा, बचावाचा साक्षीदार देण्याची संधी आणि पुन्हा युक्तिवादही.

घाईत सर्वांत जास्त राहून जातो तो आरोपीचा कलम ३५१ खालचा (जुने ३१३) पुरवणी जबाब, म्हणजे नव्या पुराव्यावर न्यायालयाने त्याला विचारायचे प्रश्न. युक्तिवादानंतर ३० दिवसांत, लेखी कारणे देऊन फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असल्याने ही घाई वाढते. पण नव्या साक्षीतली प्रतिकूल गोष्ट आरोपीला विचारलीच नाही, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीला जबाबात न विचारलेल्या परिस्थिती पूर्णपणे बाजूला ठेवल्या होत्या.

— एक वकील वाचक, सोलापूर