मंत्रिमहोदय, एमबीएच्या मुलांना गरिबाचा हिशेब मांडायला शिकवू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: व्यवस्थापन पदव्युत्तर अभ्यासक्रमातील उन्हाळी प्रशिक्षणाबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात कॉस्टिंग आणि फायनान्स शिकवते. त्याआधी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात काम केलं. दोन्हीकडचं पाहून झाल्यावर आपल्याकडे एकच मागणं घेऊन आले आहे. एमबीए आणि एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखीच पदवी) करणारी मुलं पहिलं वर्ष संपलं की साधारण आठ आठवडे समर इंटर्नशिप करतात. ती इंटर्नशिप आपल्याच जिल्ह्यातल्या फेरीवाल्यांच्या, बचत गटांच्या, कंत्राटी कामगारांच्या, शहापूर-मुरबाडच्या आदिवासींच्या व्यवहारांवर करायची सोय असावी, तिला कंपनीतल्या इंटर्नशिपइतकेच गुण असावेत आणि मुलांना त्या काळाचं विद्यावेतन मिळावं.

हे मागणं आपल्याकडेच का, तर या शिक्षणाचा मोठा खर्च आपलं खातं आणि राज्याची इतर खाती उचलतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निम्मी फी सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेतल्या इतर मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली. या निर्णयामुळे माझ्या वर्गात आज अशा मुली बसतात, ज्यांच्या घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ती पहिलीच व्यक्ती आहे. त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार.

पण हा पैसा येतो कुठून? दिघ्याच्या किंवा इलठणपाड्याच्या चाळीतून ऐरोलीच्या इमारतींत धुणीभांडी करायला जाणारी बाई आयकर भरत नसेल, पण साबणाच्या वडीपासून मुलाच्या चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर जीएसटी भरते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या फीमध्ये तिचाही वाटा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरकडून राज्य एक वर्षाची बंधपत्रित सेवा घेतं, नाही केली तर दहा लाखांचा दंड आहे. जनतेच्या पैशावर शिकलेला माणूस जनतेचं काही देणं लागतो, हे तिथे आपण मान्य केलेलं आहे. व्यवस्थापनाच्या पदवीधराबाबत हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मी बाँड मागत नाही, हे आधीच स्पष्ट करते. माझ्या वर्गातली अर्धीअधिक मुलं शैक्षणिक कर्ज काढून आली आहेत. कुणाचे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत, कुणाचे रिक्षा चालवतात. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यापासून त्यांना घराकडे बघायचं असतं. त्यांना उठून ‘पगाराचा मोह सोडा, खेड्यात जा’ असं सांगायचा अधिकार मला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरही नाही. गरिबांसाठी त्याग करायला सांगायचं, तेही गरिबांच्याच मुलांना, हे कुठलं न्यायाचं?

माझं म्हणणं वेगळं आहे. या मुलांची गरिबांबद्दलची खरी जबाबदारी नोकरी सोडल्यावर सुरू होत नाही, ती त्यांच्या नोकरीच्या टेबलावरच असते. व्यवस्थापनाच्या शिक्षणात ‘सामाजिक जबाबदारी’ म्हटलं की २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ शिकवलं जातं. पाच कोटी नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचं नक्त मूल्य, यातली एक जरी अट लागू झाली तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कायदा चांगला आहे, त्यातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. पण तो बोलतो नफा झाल्यानंतरच्या दोन टक्क्यांबद्दल. नफा होत असताना कुणाच्या ताटातलं काय गेलं, ते त्या कलमात येत नाही.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण माझं आयुष्य अशाच फायलींत गेलं. ऑफिसच्या साफसफाईचं किंवा सुरक्षा रक्षकांचं कंत्राट निघतं. फाइल येते नव्याने रुजू झालेल्या एमबीएकडे, आणि त्याला सांगितलेलं असतं की गेल्या वर्षीपेक्षा आठ टक्के खर्च कमी करून दाखव. तो कंत्राटदारांना बोलावतो, घासाघीस करतो, सर्वांत कमी दराच्या निविदेवर शिक्का बसतो. आता ढोबळ हिशेब पाहा. किमान वेतन ठरलेलं आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. झाले २३.५८ टक्के. गणवेश, रजेच्या दिवशीचा बदली माणूस आणि कंत्राटदाराचं सेवाशुल्क अजून यायचंच आहे. तरीही किमान वेतनावर जेमतेम पंधरा-सोळा टक्के चढवलेल्या आणि सेवाशुल्क जवळपास शून्य दाखवलेल्या निविदा येतात आणि मंजूरही होतात.

कंत्राटदार धर्मादाय संस्था चालवत नाही. तो कमावणार असतो रक्षकाच्या न भरलेल्या पीएफमधून, बारा तासांच्या पाळीला आठ तासांचा पगार देऊन, किंवा पगार खात्यात जमा करून त्यातले काही रोख परत मागून. ती बेरीज पाचवीतल्या मुलालाही जमेल. माझ्या विद्यार्थ्याला ती जमत नाही असं नाही, पण ती करायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आम्ही त्याला बचत मोजायला शिकवतो, ती बचत कुठून आली हे शोधायला शिकवत नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून या देशात लिहिलेलं आहे. ते तत्त्व फाइलवर सही करणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असेल, तरच त्या रक्षकाच्या उपयोगाचं.

आता बाजाराच्या बाजूने पाहू. माझ्या काही विद्यार्थ्यांनी हौसेने, गुणांची अपेक्षा न ठेवता, कोपरखैरणेला पालेभाजी विकणाऱ्या एका मावशींचा महिनाभराचा जमाखर्च लिहून काढला. त्या पहाटे तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून कोथिंबीर, मेथी, पालक उचलतात. विद्यार्थ्यांना आधी वाटलं होतं, नफा कमी असेल. तसं नव्हतं, एका जुडीमागे सुटणारा पैसा चांगला होता. गळती दुसरीकडे होती. मावशींनी रोजच्या कलेक्शनवर पैसे घेतले होते: कागदावर दहा हजार, हातात नऊ हजार, फेड रोज शंभर रुपये, शंभर दिवस. मुलं पटकन म्हणाली, ‘मॅडम, दहा टक्के व्याज.’ मी म्हटलं, एक्सेलमध्ये मांडा. मुद्दल पहिल्या दिवसापासून रोज परत जातंय, हे धरून मांडल्यावर, चक्रवाढ न धरताही, वार्षिक दर आला ७७ टक्क्यांच्या घरात. वर्ग शांत झाला. परतावा काढायचं तेच सूत्र आम्ही वर्षभर म्युच्युअल फंडांसाठी वापरत होतो.

मग पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. जून २०२० पासून फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना आहे. सुरुवातीला पहिलं कर्ज दहा हजारांचं, वेळेवर फेडलं की वीस, मग पन्नास, आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सात टक्क्यांचं अनुदान. इतकी स्वस्त सोय असताना मावशी त्या माणसाकडे का जातात? उत्तर त्यांच्या दिवसातच होतं. बँक उघडी असते तेव्हा मावशी गाडीवर असतात, आणि कलेक्शनवाला स्वतः गाडीपाशी येतो. अतिक्रमणची गाडी माल उचलून नेते त्या दिवशीही तोच संध्याकाळी पैसे देतो. ही मुलगी उद्या एखाद्या बँकेत कर्जाच्या योजना आखायला बसेल, तेव्हा ही गोष्ट तिच्यासोबत असेल.

गरिबांमध्ये जाऊन धंदा केला की आपोआप भलं होतं, असं मी मानत नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात काय झालं, ते प्रत्येक व्यवस्थापन वर्गात शिकवलं पाहिजे. मायक्रोफायनान्स म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या उत्तम शिकलेल्या माणसांनी चालवल्या होत्या आणि हेतू बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्याचा होता. पण वाढीची टार्गेटं अशी लागली की एकाच बाईला तीन-चार कंपन्यांनी कर्ज दिलं, वसुलीचा तगादा वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. टार्गेटच्या तक्त्यात कर्जदार बाईच्या घरचं उत्पन्न आणि तिच्यावरचं एकूण कर्ज यासाठी कुणी रकाना ठेवला असता, तर गोष्ट तिथवर गेली नसती.

आपल्या राज्याला या कामाची परंपरा परकी नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ भागभांडवल आणि कर्जाच्या कागदांत कर्जबाजारी शेतकऱ्यांबरोबर बसला. सहकाराचं पुढे काय काय झालं तो वेगळा विषय, पण सुरुवात अशी झाली. वर्गीज कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था स्थापली. तिथल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला खेड्यात राहून क्षेत्रकार्य करावंच लागतं.

ठाणे जिल्ह्यात अशा कामाला जागा कमी नाहीत. ठाण्याहून कसारा लोकल पकडली की आसनगाव, तिथून शहापूर. मुंबईला पाणी देणारी धरणं या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरही याच तालुक्यात. इथल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचा व्यवसाय उभा केला आणि मोठ्या औषध कंपन्यांच्या ऑर्डरी मिळवल्या. गुळवेल आणून देणाऱ्याला त्याच दिवशी रोख हवी असते, कंपनीचा पैसा बिल मंजूर झाल्यावर येतो. मधली रक्कम कुणी घालायची? याला आमच्या पुस्तकात खेळतं भांडवल म्हणतात आणि त्यावर आम्ही दहा-दहा गुणांची गणितं देतो. त्याच तालुक्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळ्याआधी किंवा सणाला बयाणा घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. बयाण्याचा हिशेब भट्टीमालकाच्या वहीत असतो, कुटुंबाकडे कागद नसतो. दोन विद्यार्थ्यांनी दोन महिन्यांत एका वाडीतल्या प्रत्येक घराला स्वतःची वही लिहून दिली आणि वाचायला शिकवली, तरी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

आता अडचणींबद्दल. अभ्यासक्रम ठरवणं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीचं काम आहे, याची मला कल्पना आहे. पण कुलगुरूंची बैठक आपण बोलावू शकता, आणि फीच्या प्रतिपूर्तीची फाइल आपल्याच टेबलावरून जाते. दुसरी भीती जास्त खरी आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्प आणले, तिथे काही ठिकाणी ओळखीच्या संस्थेचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र जोडून काम भागवलं जातं. इथेही तसंच होऊ शकतं. म्हणून अहवाल इंग्रजीत बांधून कपाटात ठेवण्याऐवजी मराठीत लिहावा आणि ज्यांचा हिशेब मांडला त्यांच्यासमोर वाचून दाखवावा. मावशी म्हणाल्या ‘हे चुकलंय’, तर गुण कापावेत. विद्यावेतनाचा मार्ग सरकारनेच घालून दिला आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली पदवीधराला महिना दहा हजार रुपये ठरवले होते. तेवढे दोन महिने मिळाले, तर रिक्षावाल्याच्या मुलालाही हा प्रकल्प घेणं परवडेल. नाहीतर ही इंटर्नशिप खात्यापित्या घरच्या मुलांची हौस होऊन बसेल.

मुलं कंपन्यांतल्या जागा हिवाळ्यातच शोधायला लागतात, म्हणून निर्णय त्याआधी व्हायला हवा. पहिल्या वर्षी फक्त ठाणे जिल्हा घ्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आयुक्तांना आपण एक पत्र द्यावं, म्हणजे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समित्यांमार्फत आमचे विद्यार्थी फेरीवाल्यांपर्यंत पोहोचतील. महिला आर्थिक विकास महामंडळाला दुसरं पत्र बचत गटांसाठी, आणि आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्प कार्यालयाला तिसरं. माझ्या महाविद्यालयातून पहिल्या तुकडीसाठी विद्यार्थी देण्याची आणि त्यांना स्वतः मार्गदर्शन करण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
व्यवस्थापन विषयाची एक प्राध्यापिका
नेरुळ, नवी मुंबई