चेहरा जुळला म्हणजे झाले?

कॅमेऱ्यात दिसणारा माणूस आणि आरोपी एकच आहेत का, हे सांगणाऱ्या चेहरा जुळवणीच्या तज्ज्ञ-अहवालांची भलामण करणारा कालचा अग्रलेख पटला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ३९नुसार तज्ज्ञ देतो ते फक्त मत. आपल्याकडे ज्यूरी (निर्णय देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) नाही, तेव्हा ते तोलायचे न्यायाधीशांनीच. आमच्या गावातल्या कृषी केंद्राचा कॅमेरा छपरीला टांगलेला आहे. पडद्यावर माणूस बोटाएवढा, चेहरा नखाएवढा. त्यात मे महिन्यात अर्धे गाव तोंडाला दुपट्टा बांधून फिरते! अशा चित्रावरून ‘जुळतो’ म्हणणाऱ्याला न्यायालयाने विचारावे : नेमके काय जुळले, काय नाही, आणि तुलनेला एकट्या आरोपीचाच फोटो दिला होता का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकच फोटो समोर असला की साम्यच दिसू लागते.

– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा