भाऊकाकांच्या दाखल्याबद्दल

इचलकरंजी
रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल रात्री काकूंचा तुझ्या आईला फोन आला होता. ओंकारच्या ऑस्ट्रेलियाच्या शिक्षणाच्या व्हिसाचा, त्यासाठी भाऊनं सीए म्हणून तुझ्याकडं मागितलेल्या दाखल्याचा विषय निघाला आणि मग बराच वेळ काकूच बोलत होत्या. "घरच्या पोरीनं घरच्याच माणसाकडं पुरावे मागितले," हे त्यांना फार लागलंय. आई गप्प राहिली. रात्री तिला झोप नव्हती आणि मलाही, म्हणून सकाळी आंघोळ करून लिहायला बसलो. फोनवर मी मुद्दा सोडून भलतंच बोलतो, तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर दोघांच्याही मनात काहीतरी राहून जातं.

तू भाऊला जे सांगितलंस ते बरोबरच सांगितलंस. नेटवर्थचा (कर्ज वजा जाता मालमत्ता किती, त्याचा) दाखला हवा असेल तर फ्लॅटचा व्हॅल्युएशन रिपोर्ट, ठेवींच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक, घरकर्ज किती शिल्लक आहे त्याचं बँकेचं पत्र आणि गावच्या जमिनीचा सातबारा पाठवा. यात अपमान कसला? परक्या माणसाकडंही तू हेच मागितलं असतंस. ऐकून मला अभिमान वाटला. पण पुढचं ऐकलं आणि पोटात धस्स झालं. भाऊ चिडल्यावर तू म्हणालीस, "बरं काका, बघते."

तुझं "बघते" मला माहीत आहे. सातवीत असताना वैशालीचे भूगोलाचे नकाशे असेच "बघते" म्हणून घेऊन आलीस आणि रात्री उशिरापर्यंत तिचे रंगवत बसलीस. तुझे स्वतःचे तसेच राहिले, बाईंची बोलणी तू खाल्लीस. समोरच्याचं तोंड पडलेलं तुला बघवत नाही. तो स्वभाव आईकडून आलाय आणि मला तो आवडतो. पण बाळ, कागद बघितल्याशिवाय सही करू नकोस. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलंय.

घरच्यांचं काम फुकट करू नकोस, असं मी कधीच म्हणणार नाही. माझी अख्खी हयात दिवाणजी म्हणून गेली. रविवारी आपल्या पडवीत किती माणसं यायची ते तू पाहिलंस. रेशनकार्डाचे अर्ज, एलआयसीचे फॉर्म, बँकेच्या स्लिपा, पोरांच्या फीमाफीचे अर्ज. मागवाले पगाराची चिठ्ठी घेऊन यायचे, पिकाच्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) हिशोबानं मजुरी बरोबर लागली का ते मी आकडेमोड करून सांगायचो. कुणाकडून पैसा घेतला नाही आणि घ्यावासा वाटलाही नाही. तू शेजारी पाटावर बसून बेरजा तपासायचीस. एकदा मालकांच्या खतावणीतली हातचा विसरलेली बेरीज तू दाखवलीस, तेव्हा तू जेमतेम चौथीत असशील. मालकांनी तुला दहाची नोट दिली होती. ती तू खर्च केली नाहीस, देवघरात ठेवलीस. त्या दिवशी मी आईला म्हणालो होतो, ही पोरगी हिशोबाच्याच कामात जाणार.

विषय भरकटला. सांगायचं होतं ते असं, की मी लिहून दिलेल्या त्या सगळ्या अर्जांखाली सही किंवा अंगठा ज्याचा त्याचा असायचा. मी फक्त लिहिणारा. तुझं तसं नाही. तूच मला समजावून सांगितलंस ना, १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएच्या प्रत्येक दाखल्यावर तो यूडीआयएन नंबर टाकावा लागतो म्हणून? अठरा अक्षर-अंकांचा, त्यातच तुझा सभासद क्रमांक, आणि कुणीही पोर्टलवर टाकून तपासू शकतो. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा ऑफिसात बसलेल्या माणसासमोर भाऊ नसणार, ओंकारही नसणार, तू असणार. पुरेशी काळजी न घेता दाखला दिला तर तुमच्या १९४९ च्या कायद्यात ते गैरवर्तन धरतात आणि यादीतून नाव काढण्यापर्यंत गोष्ट जाते. फी घेतली नव्हती, माझे काकाच होते, हे तिथं कोण ऐकून घेणार?

बघ, कुणाला काय शिकवतोय मी! हे सगळं पाठ करून परीक्षा दिलेली तू. रागावू नकोस. तुला माहीत नाही म्हणून मी लिहीत नाहीये. माहीत असूनही माणूस आपल्या माणसांपुढं कसा ढिला पडतो, ते मी आमच्या घरात पाहिलंय.

तुझ्या आजोबांचं, अण्णांचं, तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. आक्काच्या यजमानांनी चार माग घ्यायला पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याला अण्णा जामीन राहिले. मी तेव्हा कॉलेजात होतो. संस्थेचा माणूस कागद घेऊन घरीच आला होता. अण्णांनी चष्मासुद्धा लावला नाही. "जावयाचा कागद काय वाचायचा" म्हणाले आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. मंदीत माग बंद पडले, हप्ते थकले. आधी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आला, मग वसुली अधिकारी दारात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे अण्णांना त्या दिवशी त्या अधिकाऱ्याच्या तोंडून कळलं. रिटायर होईपर्यंत सूतगिरणीतला त्यांचा पगार कापून यायचा. माझं बीकॉम तिथंच सुटलं आणि मी सुताच्या दुकानात वह्या लिहायला लागलो. पैशांचं एवढं काही नाही, ते फिटले. पण आक्का पुढं कितीतरी वर्षं माहेरी आली नाही. लाज वाटायची तिला. अण्णा दिवाळीला दारात बसून वाट बघायचे. सही केली ती नातं टिकावं म्हणून, आणि नेमकं तेच तुटलं.

तेव्हापासून कुणी कागदावर बोट ठेवून "इथं सही करा" म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं. गॅसच्या पुस्तकावर करतानासुद्धा. त्यामुळे मी जरा जास्तच घाबरत असेन, हेही धरून चाल.

तुझ्यावर भाऊचे उपकार आहेत, ते मी विसरलेलो नाही. आर्टिकलशिपची (सीएच्या उमेदवारीची) तीन वर्षं तू त्यांच्या धनकवडीच्या घरी काढलीस. काकू पहाटे उठून तुझा डबा करायच्या. फायनलचा पहिला निकाल आला आणि तू दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाहीस, तेव्हा मी इथून निघेपर्यंत भाऊ ऑफिसला दांडी मारून तुझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. पास झालीस तेव्हा सोसायटीत घरोघरी पेढे त्यानंच वाटले. तो वाईट माणूस नाही, मुक्ता. तुला फसवायला तो निघालेला नाही. त्याला वाटतं, माझी पुतणी सीए आहे, तिच्या एका सहीनं पोराचं काम होतंय, मग अडतंय कुठं? ते उपकार फेडायचे असतील तर ओंकारच्या पहिल्या सहामाहीच्या फीला आपण हातभार लावू. मी आईशी बोललोय, ठेव मोडायला ती तयार आहे. तुझ्या सहीनं मात्र फेडायचे नाहीत.

आणि या दाखल्यात एक गोष्ट आहे, ती कदाचित तुझ्या लक्षात आली नसेल. भाऊनं तुला पाठवलेल्या यादीत गावची जमीन पूर्ण त्याच्या नावानं धरलीय, असं आईला काकूंच्या बोलण्यातून कळलं. सातबाऱ्यावर अण्णांच्या वारसांची तीन नावं आहेत, भाऊचं, माझं आणि आक्काचं. वाटणी झालेली नाही. म्हणजे तू सही केलीस तर माझा आणि आक्काचा हिस्सा त्याची संपत्ती म्हणून तुझ्या हातानं लिहिला जाईल. घरकर्जाचा तर यादीत उल्लेखच नाही म्हणे. मला जमिनीचा लोभ नाही. त्यानं मागितली तर मी रीतसर हक्कसोडपत्र करून देईन. पण आक्काला यात परत ओढायचं नाही, आणि नाही ते आहे असं तुझ्या नावाखाली छापून येऊ द्यायचं नाही.

फुकटच्या कामांबद्दल थोडं बोलतो, मग थांबतो. गेल्या जुलैत मी तुझ्याकडं राहिलो तेव्हा रात्री एकला तुझा लॅपटॉप उघडाच असायचा. मला वाटलं गिऱ्हाइकांचं काम असेल. निम्मी रिटर्न्स आपल्याच लोकांची होती. मामांचं, त्यांच्या साडूंचं, तुझ्या शाळेच्या ग्रुपमधल्या कुणाकुणाचं. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री फॉर्म १६ चा (पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याचा) फोटो पाठवणार, तोही अर्धा कापलेला, आणि वर "उद्या शेवटची तारीख आहे ना गं?" दंड लागला तर बोल तुलाच. लग्नात जेवायच्या पंगतीत लोक तुला नोटीस दाखवतात. एप्रिल लागला की आपल्या गल्लीतले पेन्शनर ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म घेऊन माझ्याकडं येतात, ते मी भरून देतो, त्यांना तुझ्यापर्यंत येऊ देत नाही. तेवढं मला जमतं. पण मामांच्या दीपकनं "रिफंड जरा वाढवून दे, एखादी देणगी दाखव" म्हटलं, तेव्हा तू हसून विषय बदललास. मला ते हसणं आवडलं नाही. पेपरात वाचलं होतं, २०२५ च्या जुलैत आयकरवाल्यांनी अशाच खोट्या वजावटींवर ठिकठिकाणी धाडी टाकल्या, रिटर्न्स भरून देणाऱ्यांनाही सोडलं नाही. दीपकला तोंडावर नाही म्हणायला हवं होतंस.

पुन्हा उपदेश झाला. माफ कर. ऑफिसचं भाडं, त्या दोन पोरांचे पगार, हे सगळं तू एकटी ओढतेस, आणि मी इथं बसून तू हसलीस कशी याचा हिशोब मांडतोय. तुझ्या टेबलावर तुझ्या नावाची पाटी पाहिली तेव्हा मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही. परत येताना एसटीत शेजारच्या माणसाला मात्र सगळं सांगितलं, स्वारगेटपासून कोल्हापूरपर्यंत.

मला सुचतं ते असं. आपल्या माणसांना "नाही" म्हणणं तुला जड जातं, तर म्हणू नकोस. कागदांची यादी पाठव आणि कागद आल्यावर काम सुरू करते, एवढंच सांग. ज्याला खरी गरज आहे तो पाठवतो. भाऊच्या बाबतीत मात्र कागद आले तरी तू सही करू नयेस असं मला वाटतं. पुतणीनं काकाचा दाखला दिला, हे उद्या कुणी विचारलंच तर बरं दिसत नाही, आणि मागं तूच म्हणाली होतीस की नात्यातले दाखले बाहेरच्याकडून घेतलेले चांगले. तुझ्या ओळखीतल्या एखाद्या सीएकडं त्याला पाठव. फी मी देईन. भाऊला कळू द्यायचं नसेल तर नको कळू दे. त्याचे कागद जुळवून द्यायला, व्हॅल्युअर शोधायला, कर्ज वजा करून खरा आकडा काढायला तू त्याच्या शेजारी बस. एक सुट्टीचा दिवस त्याला पूर्ण दे, तेही फुकट. खरा आकडाही काही कमी भरणार नाही. फ्लॅट आहे, त्याचा पीएफ आहे, शैक्षणिक कर्ज मिळेल.

मी भाऊशी बोलू का? पत्र सुरू करताना ठरवलं होतं की आजच फोन लावायचा. आता वाटतं, तुला विचारल्याशिवाय नको. तुझ्या व्यवसायातला प्रश्न आहे, आणि बापानं मध्ये पडून सोडवला असं तुला वाटायला नको. पण तू "बोला" म्हणालीस तर मी पुण्याला येऊन समोर बसून बोलेन. थोरला आहे मी, माझं तो ऐकून घेईल. चिडला तर माझ्यावर चिडेल, ते मला चालेल.

सोबत गावच्या गटाचा डिजिटल सहीचा सातबारा जोडलाय. काल सायबर कॅफेत जाऊन पंधरा रुपये भरून काढला, तीनही नावं आहेत त्यावर. भाऊला दाखवायचा का ते तू ठरव. ओंकारची फाइल या शुक्रवारी जमा करायची आहे असं काकू म्हणाल्या, म्हणजे भाऊचा तुला बुधवारच्या आत परत फोन येणार. त्याआधी मला एक फोन कर. दुकानात असलो तरी उचलेन.

आईचे आशीर्वाद. तिनं मेतकूट केलंय, पुढच्या आठवड्यात येणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझा
बाबा