समुपदेशकाच्या खोलीचं दार आणि सरकारी नोंदवही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : समुपदेशकांची नोंदणी, त्यांच्या कामावरची देखरेख आणि गोपनीयता

महोदय,

मी लातूरमध्ये गेली एकोणीस वर्षं समुपदेशक म्हणून काम करते. दहावीचा निकाल लागला की आमचं शहर भरतं. नांदेड, परभणी, यवतमाळहून मुलं ‘नीट’च्या तयारीला येतात. काहींच्या बरोबर आईही येते आणि एक खोली भाड्यानं घेऊन दोन वर्षं इथंच राहते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी अशी घरं असतात.

त्यांतल्या एका मुलीमुळे हे पत्र लिहीत आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अकरावीत असताना तिनं वसतिगृहातल्या ‘समुपदेशक मॅडम’ना सांगितलं, की मी स्वतःला इजा करून घेते आणि मला डॉक्टर व्हायचं नाही. संध्याकाळपर्यंत ते रेक्टरना कळलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून घेतलं आणि तीन शिक्षकांसमोर तिला बाह्या वर करायला लावल्या. त्यानंतर आठ महिने ती कुणाशीही मनातलं बोलली नाही. माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या तीन भेटींत तिचा एकच प्रश्न होता, “तुम्ही लिहिता ते कुणाला दाखवता?” मी वही तिच्याकडे फिरवली. तिनं प्रत्येक ओळ वाचली, एका वाक्यावर बोट ठेवून “हे मी असं नव्हते म्हणाले” असं सांगितलं, आणि मी ते दुरुस्त केलं. चौथ्या भेटीत ती बोलायला लागली.

आईवडिलांना सांगायला नको होतं, असं माझं म्हणणं नाही. मुलीच्या जिवाला धोका वाटला तर मीही सांगते, सांगावंच लागतं. पण आधी तिला विश्वासात घेऊन. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं आणि त्या वेळी तिला खोलीत हजर राहायचं असेल तर राहू द्यायचं. जीव धोक्यात असेल, दुसऱ्या कुणाला धोका असेल, किंवा बालकाच्या लैंगिक शोषणाची बाब असेल, तर गुप्तता राखता येत नाही. यांतल्या शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं पहिल्या भेटीच्या पहिल्या दहा मिनिटांत, समोरच्याला कळेल अशा मराठीत सांगायचं असतं. आमच्या कामाचा पाया म्हणतात तो हाच. उरलेलं सगळं त्यावर उभं राहतं.

त्या मॅडमना मी दोष देत नाही. त्या इंग्रजीच्या शिक्षिका. सहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळालं, आणि मोकळ्या तासांना समुपदेशनाचं काम अंगावर आलं. पहिली दहा मिनिटं असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे हा शब्दच सैल झाला आहे. ‘पोलिसांनी मुलांचे समुपदेशन करून त्यांना पालकांच्या ताब्यात दिले’ असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. त्याचा अर्थ दम दिला, समज दिली एवढाच असतो.

महोदय, २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निकाल दिला. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं बालक आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात सांगितलं आहे. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. मला मनापासून आनंद झाला. पण पुढच्याच महिन्यात एका संस्थाचालकांचा फोन आला, “मॅडम, फक्त तुमचं नाव आणि सही बोर्डावर लावायला द्याल का?” मी नाही म्हटलं. दुसरं कुणी तरी हो म्हटलं असणार.

कारण ‘पात्र’ कोण, हे तपासायचं कुठे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यावसायिकांच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, या क्षेत्रातल्या परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते आहेत. समुपदेशक हा शब्द तिथे नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, त्यामुळे चुकीच्या वागणुकीची तक्रार निदान कुठे करायची हे लोकांना माहीत असतं. आमच्याबद्दल तक्रार करायची तर त्या मुलीनं कुठे जायचं? संसदेनं २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याचा गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञांबरोबर समुपदेशकही आहेत. राज्य परिषद आणि तिची नोंदवही यांची तरतूदही त्याच कायद्यात आहे. माझी मागणी या कायद्याबाहेरची नाहीच. समुपदेशकांची नोंदवही या राज्यात लवकर उघडावी, आणि पालकांना मोबाइलवर नाव टाकून ती बघता यावी.

अमेरिकेत समुपदेशकांच्या परवान्याचा कायदा सर्वांत आधी व्हर्जिनियानं १९७६ मध्ये केला. सर्वांत शेवटी कॅलिफोर्नियानं केला, २००९ मध्ये. तेहतीस वर्षं गेली. वेळ लागणार हे मला मान्य आहे. पण त्याच कॅलिफोर्नियात आज पदव्युत्तर पदवीनंतर ३,००० तास अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केल्याशिवाय स्वतंत्र परवाना मिळत नाही. नोंदवही उघडली आणि ही देखरेख मागितलीच नाही, तर नुसती नावांची यादी होईल.

देखरेखीचं महत्त्व मला स्वतःच्या चुकीतून कळलं. सुरुवातीच्या काळात बँकेत काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. सासूबाई गेल्यापासून सतत रडू यायचं, थकवा, कशात मन नाही. मी चार महिने त्यांच्या दुःखावर काम करत राहिले. त्या काळात मी महिन्यातून दोनदा रात्रीच्या बसनं पुण्याला माझ्या मार्गदर्शकांकडे जायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “रक्त तपासलंय का?” तपासलं, तर थायरॉइड फार बिघडलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत त्या बाईंची सकाळ बदलली. दुःख खोटं नव्हतं, पण चार महिने मी चुकीच्या जागी खणत होते. तो प्रश्न विचारणारं कुणी नसतं, तर वर्षभर खणत राहिले असते. आज जिल्ह्याजिल्ह्यांत एकटी काम करणारी जी तरुण मुलंमुली आहेत, त्यांना असं विचारणारं कुणीही नाही. बसभाडं आणि मार्गदर्शकांची फी मी पदरची घातली, ती प्रत्येकाला परवडेल असं नाही.

आपल्याच खात्यात याचं चांगलं उदाहरण आहे. एचआयव्ही तपासणी केंद्रांतले समुपदेशक. तपासणीआधी काय बोलायचं, नंतर काय बोलायचं, संमती कशी घ्यायची, नाव कसं जपायचं, हे त्यांना नीट शिकवलं गेलं, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमती आणि गोपनीयतेला आधार दिला. पाया घालता येतो, हे सरकारी रुग्णालयांनीच दाखवून दिलं आहे. मग मनाच्या त्रासासाठी येणाऱ्या माणसाचं बोलणं पडद्याआड, पलीकडे लसीकरणाची रांग लागलेली असताना का ऐकायचं? एक खोली आणि बंद होणारं दार, एवढं तरी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असावं. आणि ऐकणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर नसावा. समुपदेशक बदलला की पेशंटला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि बरेच जण पुन्हा येतच नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, मी स्वतः तो मुलांना लिहून देते. पण रात्री फोन लावणारं पोर सकाळी ज्याच्यासमोर बसणार, तो माणूसही तितकाच तयार हवा.

कुणाचा रोजगार जावा, अशी माझी इच्छा नाही. आशाताई, शिक्षक, गावातली जाणती माणसं ऐकतात, धीर देतात, ते त्यांनी करत राहावं. आधीपासून काम करणाऱ्यांना शिकून नोंदणीत यायला दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी. त्या इंग्रजीच्या मॅडमनाही.

सोबत माझ्या संमतिपत्राची प्रत जोडली आहे. एकच पान आहे. त्यातली तिसरी ओळ पूर्वी अशी होती : ‘अपवादात्मक परिस्थितीत माहिती उघड करण्यात येईल.’ त्या मुलीनं ती खोडून तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘कुणाला सांगायचं झालंच, तर आधी तुला सांगू.’ तेव्हापासून मी तेच छापून घेते.

आपली विश्वासू,
लातूरमधील एक समुपदेशक