आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : ईईजीच्या मशीनआधी तंत्रज्ञ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका खासगी रुग्णालयात ईईजी तंत्रज्ञ आहे. मेंदूच्या लहरींचा आलेख काढणं हे माझं रोजचं काम. आसपासच्या जिल्ह्यांतून लकवा झालेले पेशंट केवळ या एका तपासणीसाठी आमच्याकडे येतात. भाड्याची गाडी, सोबत दोन माणसं आणि पेशंटच्या डोक्याला चपचपीत तेल. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या वायरींच्या चकत्या) धरत नाहीत, म्हणून आधी केस धुवायचे आणि ते सुकेपर्यंत एक बाजू लुळी पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्ट्रेचरवर ताटकळत ठेवायचं. ‘डोकं धुऊन या’ एवढं चिठ्ठीवर लिहायचं कुणाला सुचत नाही. असो.

लकव्यानंतर फीट येऊ शकते, हे घरच्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. वास्तविक उतारवयात नव्याने जडणाऱ्या अपस्मारामागे, म्हणजे पुन्हा पुन्हा फीट येण्याच्या आजारामागे, पक्षाघात म्हणजेच लकवा हे एक प्रमुख कारण आहे. पहिल्या ७ दिवसांतली फीट ताज्या इजेमुळे येते. त्यानंतरची फीट मेंदूत राहिलेल्या व्रणातून येते. ती एकदा आली, की पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे अशी एकच फीटसुद्धा अपस्मार मानता येते.

हातपाय झाडणारी फीट सगळ्यांना दिसते. कांदा हुंगवायला चार जण धावतात. पंचाईत होते ती न दिसणाऱ्या फीटची. पेशंट डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, हाकेला ओ देत नाही. ‘लकव्याने वाचा गेली’ म्हणून नातेवाईक मनाची तयारी करून बसलेले असतात. पडद्यावर मात्र डोक्याच्या एकाच बाजूला टोकदार लहरी उठताना दिसतात, आधी संथ, मग भराभर, आणि हळूहळू शेजारच्या रेघांत पसरतात. ही फीट सीटी स्कॅनमध्ये सापडत नाही, आणि तिच्यावर औषध आहे. उलटही घडतं. फीट येऊन गेल्यावर हात काही तास गळून पडतो आणि घरचे ‘दुसरा ॲटॅक आला’ म्हणत पुन्हा गाडी शोधायला निघतात.

लकव्याच्या प्रत्येक पेशंटचा ईईजी काढा, असं माझं म्हणणं नाही. तसंच आलेख नॉर्मल आला म्हणजे धोका टळला, असंही नाही. पण शुद्ध अपेक्षेप्रमाणे येत नसेल, मधूनच गुंगी येत असेल, तर ही तपासणी त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात व्हायला हवी.

त्यासाठीचं मशीन काही लाखांत येतं, सीटीच्या मानाने किरकोळच. खरेदी कदाचित लगेच होईलही. पण ते चालवायचं कुणी? नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरून, अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करून २१ इलेक्ट्रोड बसवावे लागतात. एखादी वायर सैल राहिली, पेशंटने दात आवळले किंवा डोळे मिचकावले, तरी आलेखावर रेघा उमटतात. त्यातली फीट कोणती आणि दात आवळणं कोणतं, हे ओळखणारा माणूस तिथे हजर लागतो. आलेख वाचायला न्यूरॉलॉजिस्ट मात्र जिल्ह्यातच असायला हवा असं नाही. रेकॉर्डिंग संगणकावरच होतं; मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर ते तिथे बसून तासाभरात वाचू शकतात. तेव्हा आधी तंत्रज्ञाचं पद मंजूर करा, मशीनची निविदा मागून काढा.

दुसरी मागणी जवळपास फुकटची आहे. पहिल्या ७ दिवसांत फीट आली होती का, आणि इजा मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचली होती का, या दोन गोष्टी डिस्चार्ज कार्डवर लिहिणं सक्तीचं करा. पुढचा धोका मोजण्यासाठी २०१८ पासून डॉक्टरांच्या हाताशी असलेल्या ‘सिलेक्ट’ गुणांकनात या दोन्ही धरल्या जातात. आमच्याकडे येणाऱ्या कार्डावर बहुतेक वेळा ‘सीव्हीए (म्हणजे लकवा), प्रकृती स्थिर’ एवढंच असतं. मग भरतीच्या वेळी काय झालं होतं, ते मी पेशंटच्या सुनेला विचारते आणि ती गावी फोन लावून सासूला विचारते.

जिल्हा रुग्णालयांच्या पुढच्या पदभरतीच्या जाहिरातीत ईईजी तंत्रज्ञाचं पद आहे का, ते मी पाहणार आहे.

आपली विश्वासू,
एक ईईजी तंत्रज्ञ