इटलीहून आल्यावर: घाडगेंच्या मोंतोनेला जाऊन आलो

प्रिय आई-बाबा, आजीला साष्टांग नमस्कार,

काल रात्री उशिरा म्युनिकला घरी पोचलो. दोघंही एकदम मजेत, गाडीही ठणठणीत. फोनवर सगळं धड सांगून होत नाही म्हणून सविस्तर लिहितेय, बाबा, आजीला मोठ्याने वाचून दाखवा.

बाबा, आधी तुमचं काम. मोंतोनेला गेलो! दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालेल्या यशवंतराव घाडगेंच्या माणगावातल्या पुतळ्याचा तुम्ही जो फोटो पाठवला होता तो मोबाईलमध्ये घेऊनच गेले होते. ट्रिप ठरली तेव्हा सगळे म्हणत होते रोम करा, पिसा करा, पण मी तुमच्या जावयांना म्हटलं की आपल्या तालुक्यातला माणूस तिथे लढून गेलाय आणि आपण गाडीने एवढ्या जवळून जाणार, मग तिथे न थांबता पुढे जायचं हे मला जमणार नाही. ते लगेच हो म्हणाले आणि सगळा रूट त्याप्रमाणे बदलला.

जाताना पहाटे चारलाच निघालो, कारण उन्हाळ्यात शनिवारी ब्रेनरच्या खिंडीत गाड्यांची तुफान गर्दी असते, अर्धा जर्मनी तेव्हा समुद्राकडे निघालेला असतो. ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी विन्येट, म्हणजे टोलचा पास, घ्यावा लागतो, तो ऑनलाइनही मिळतो, आणि ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याशिवाय वेगळा. खिंड १३७० मीटरवर आहे, पण चढ असा जाणवतच नाही, रस्ता मोठमोठ्या पुलांवरून जातो. पलीकडे इटली लागली तरी बोर्ड जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषांत, कारण हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता. मग सफरचंदाच्या बागाच बागा, दरीभर, कितीतरी वेळ. त्याच्या पुढे सपाट मैदान आणि भयंकर ऊन, तिथलं काही लिहिण्यासारखं नाही, फक्त एसी आणि टोलनाके.

मोंतोने उंब्रिया भागात आहे, पेरुजाच्या उत्तरेला. टेकडीवर तटबंदीतलं छोटंसं दगडी गाव, गाडी खालीच लावायची आणि चढून जायचं. (इथे बऱ्याच गावांत जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेले असतात, त्यामुळे आम्ही सगळीकडे गाडी बाहेरच ठेवत होतो.) खाली टायबर नदीचं खोरं, तीच पुढे रोमला जाते ती. सूर्यफुलं नुसती पिवळीधमक फुललेली आणि त्याच्या शेजारी चक्क तंबाखूची शेतं, बाबा! इथे तंबाखू होत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि याच खोऱ्यात १० जुलै १९४४ ला ते झालं. तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात ते सगळं मी तिथे उभं राहून तुमच्या जावयांना सांगितलं, की नाईक हुद्द्यावरच्या घाडगेंच्या छोट्या तुकडीवर अगदी जवळून जर्मनांची मशीनगन सुरू झाली, त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले, आणि हे एकटे पुढे धावले, ग्रेनेडने गन बंद केली, एकाला टॉमीगनने उडवलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. बावीस वर्षांचे होते. आपला चिंटू आत्ता बावीसचा आहे, हे डोक्यातून जाईना माझ्या.

घाडगेंचं स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, जुलै २०२३ मध्ये उभारलं, मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी. म्हणजे बघा, जवळपास ऐंशी वर्षांनी, त्या गावच्या लोकांनी आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या मुलासाठी. नाव वाचलं आणि मला रडूच आलं. आम्ही फुलं वाहिली, आजीने दिलेला बुक्का माझ्या पर्समध्ये असतोच, तो लावला. रात्री राहिलो त्या शेतघराच्या मालकीणबाईंना मी पुतळ्याचा फोटो दाखवला, त्यांना इंग्लिश येत नाही आणि मला इटालियन जेमतेम, पण त्यांनी फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला आणि मग आतून मिस्टरांना बोलावून आणलं.

बाबा, मला पूर्वी हे माहीतच नव्हतं की घाडगेंची कबर किंवा समाधी कुठेच नाही. कॅसिनो नावाच्या गावाजवळ युद्धातल्या सैनिकांची स्मशानभूमी आहे, तिथे जे मोठं स्मारक आहे, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांहून जास्त लोकांचं, त्याच्यावर त्यांचं नाव कोरलंय. कॅसिनो रोमच्याही खाली आहे, यावेळी शक्य नव्हतं. इटलीच्या लढाईत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्यातले सहा हिंदुस्थानी फौजेला, आणि आपले ५७८२ जवान तिथे मारले गेले. एवढे लोक गेले आणि शाळेत आम्हाला याच्यावर एक धडा नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिथून उत्तरेला ई-४५ रस्त्याने गेलो. त्याला टोल नाही, खड्डे मात्र आहेत, पण टायबरच्या उगमाकडे चढत जाणारा रस्ता आणि दोन्हीकडे जंगल, मला सगळ्या ट्रिपमध्ये तोच जास्त आवडला. डोंगर उतरल्यावर फोर्ली. तिथे हिंदुस्थानी सैनिकांची वेगळी स्मशानभूमी आहे, मुसलमान जवानांच्या कबरी, आणि हिंदू-शीख जवानांचं दहन झालं म्हणून त्यांच्या नावांचं स्मारक. गवत छान कापलेलं, एकही माणूस नाही. मी घाडगेंच्या पलटणीची, मराठा लाइट इन्फंट्रीची, नावं शोधत राहिले आणि वाचत राहिले, ऊन डोक्यावर आलं तरी निघवेना.

मग फायेंझाच्या पुढे वाट वाकडी करून सेनिओ नदीवर गेलो, जिथे ९ एप्रिल १९४५ ला आपल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, तीन मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना बोलावलं. नदी अगदी लहान आहे हो, पण दोन्हीकडे मातीचे उंच बांध. ते बांध बघितले तेव्हा कळलं की चढणं काय असेल. जाधव जगले, गावी परत आले, याचं तिथे फार बरं वाटलं.

त्या भागात पियादिना मिळते, तव्यावर भाजलेली मैद्याची पोळी, आत चीज आणि पालेभाजी. आई, ती मळताना चरबी घालतात, म्हणून ऑलिव्ह ऑइलची आहे का ते विचारून घेत होतो आणि सगळीकडे नीट सांगत होते.

व्हेनिस धावतं केलं, गाडी व्हेनिसबाहेर मेस्त्रेला ठेवून ट्रेनने. सुंदर आहे, पण गर्दी इतकी की मन रमलं नाही, फोटो पाठवलेत ते बघा. स्लोव्हेनिया मात्र अप्रतिम! सोचा नदीचं पाणी हिरवंनिळं, बर्फासारखं गार. त्याच नदीकाठच्या कोबारिदला पहिल्या महायुद्धातली १९१७ ची लढाई झाली होती. पुढे व्रशिचचा घाट १६११ मीटरचा, पन्नास वळणं, प्रत्येकाला नंबर, आणि उतरताना वळणांवर फरसबंदी. तुमच्या जावयांना ताम्हिणीची सवय, मस्त चालवली गाडी त्यांनी. हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला होता, १९१६ मध्ये हिमस्खलनात त्यातले कितीतरी गाडले गेले, त्यांच्यासाठी जंगलात छोटं लाकडी चर्च आहे. तिथेही थांबलो, दिवा लावला.

आता दोन कामं. एक, मोंतोनेचे आणि फोर्लीचे फोटो मी मोठ्या साइजमध्ये पाठवतेय, ते प्रिंट करून पळसगावला घाडगेंच्या घरच्यांना नेऊन द्या, व्हॉट्सअॅपवर नको, हातात द्या. दोन, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे या, आपण कॅसिनोला जाऊ. अपॉइंटमेंट लवकर संपतात, त्यामुळे व्हिसाचं फेब्रुवारीतच बघायला लागेल, बाबांच्या पासपोर्टची तारीख आधी बघून मला कळवा, आमंत्रणाचे कागद मी इथून करते. आजीच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा.

तुमची,
ताई